आवाज बंद ठेवून निवडलेला गायक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझी जाळी चेपली आहे, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे, पण आवाज अजून खणखणीत! उमेदीची सगळी वर्षं या कंपनीच्या सभागृहात गेली. तोंडावर खोकणारे, फुंकर मारणारे, नखाने टकटक करणारे, सगळे सोसले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती करमणूक समितीबद्दल.

समिती म्हणे! चार रिकामटेकडी टाळकी. वर्षअखेरची पार्टी जवळ आली की यांच्या अंगात येतं. यंदाची बैठक माझ्या कपाटासमोरच झाली. शेजारच्या खोलीत मोठे साहेब होते, म्हणून या शहाण्यांनी कलाकारांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले. गायकांचेसुद्धा!

"जॅकेट काय चमकतंय!" एकजण म्हणाला.

"आणि नाचतो बघ कसा! हाच फायनल," समितीप्रमुख म्हणाले.

धन्य रे बाबांनो!

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाने आधी बोलायचं आणि मग करमणूक, अशी रीत होती. यंदा पॅकिंगमधल्या मावशींची पाळी होती. जन्म खोकी बांधण्यात गेला, माईक कधी हातात धरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या सभागृहात येऊन बिचाऱ्या भाषण घोकायच्या. ऐन पार्टीत प्रमुख त्यांना म्हणाले, "मावशी, तुमचं शेवटी ठेवू हं. कलाकाराला घाई आहे."

कलाकाराने मला तोंडाशी धरलं आणि चक्क माझं बटण बंद केलं! गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं. हा नुसते ओठ हलवत उड्या मारत होता. समितीने टाळ्या पिटल्या. मला शिसारी आली.

गाणं संपताच सगळे जेवणावर तुटून पडले. प्रमुखांनी मला तसाच मावशींच्या हातात कोंबला. "आटपा पटकन," म्हणाले आणि ताट घ्यायला पळाले. बटण कोण बघतो! माईकवर ओरडायचं नसतं असं मावशींना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या हळूच बोलल्या.

"माझी पहाटेची पाळी. लेकीच्या वेण्या रोज यांनी घातल्या, डबा यांनी भरला. कधी बोलून दाखवलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते, यांच्यामुळे माझी नोकरी झाली."

माझ्याशिवाय कुणालाच एक अक्षर ऐकू गेलं नाही. शेवटच्या रांगेत त्यांचे यजमान कानामागे हात धरून बसले होते.

मित्रांनो, करमणूक खुशाल आणा. पण आपल्या माणसाला बोलायला उभं केलंत, तर निदान त्याचा आवाज पोचतोय का, एवढं तरी बघा. आमच्या दिवट्यांना तेवढंही जमलं नाही.

मला हातात धरूनच मावशी खाली उतरल्या. "ऐकलंत ना?" त्यांनी यजमानांना विचारलं. "फार हळू नाही ना बोलले?"

"छे गं! शब्दन् शब्द ऐकला," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.