केरबाच्या नावाखालचा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रायफल आहे आणि गेल्या दसऱ्यापासून अगदी नव्यासारखी दिसते. बघणारे म्हणतात, काय चमकते ही! त्या चमकेचंच दुःख मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बंगालमधल्या एका कारखान्यात झाला. माझी नळी पोलादाची आणि दस्ता लाकडाचा. कारागिरांनी माझ्या प्रत्येक महत्त्वाच्या भागावर एकच नंबर ठोकला आणि मला फौजेत पाठवलं. माझ्या गोळ्यांनी कुणाकुणाची घरं उजाड झाली असतील. त्याची बढाई मी मारणार नाही.

मला जीव लावला तो केरबा नावाच्या शिपायाने. सातारा जिल्ह्यातला, जेमतेम विशीतला, अक्षरओळखीपुरता शिकलेला. रोज सकाळी तो माझ्या नळीतून चिंधी ओढायचा, दस्त्याला तेल चोळायचा आणि बायकोच्या आठवणी काढून एकटाच हसायचा. दस्त्याच्या खालच्या अंगाला, साहेबाची नजर जाणार नाही अशा जागी, त्याने खिळ्याने कोरलं होतं, ‘केरबा, माळेवाडी’. नियमाने असं करायची बंदी होती, पण मला बाई फार आवडलं. मला पहिल्यांदाच कुणीतरी आपलं म्हटलं होतं.

बासष्ट सालच्या थंडीत आम्ही उत्तरेच्या बर्फात होतो. तिथे त्याला घरून एक पत्र आलं. ते वाचून तो वेड्यासारखा हसला, मग रडला. पुढचे तीन दिवस, मिळेल तेवढ्या वेळात, तो आपल्या नावाखाली आणखी एक शब्द कोरत बसला. बोटं आखडायची, खिळा घसरायचा, तरी त्याने हट्ट सोडला नाही. चौथ्या दिवशी तो लढाईत पडला. मला दुसऱ्याच कुणीतरी उचलून नेलं.

पुढे मी जुनी झाले. कितीतरी वर्षं कोठारात काढल्यावर मला चिकट ग्रीस फासून पेटीत घातलं आणि जहाजाने अमेरिकेत विकलं. इथे बंदुकांच्या जत्रा भरतात. टेबलावर मांडलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना लोक उलटसुलट करून बघतात. माझ्या दस्त्यावरून बोट फिरवून ते नाक मुरडायचे. “कुणीतरी ओरखडे काढलेत,” म्हणायचे. ती अक्षरं आहेत हे वाचणारा एकही भेटला नाही.

मग इथल्याच कॅरी गावात राहणारा निमिष भेटला. नागपूरचा मुलगा, औषधाच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारा. वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या संग्राहकाकडून तो जुनी शस्त्रं पारखायला शिकला होता. गोळी आत सारणाऱ्या बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर जुळतो का, नळीच्या आत गंज किती, लाकूड मूळचं की बदललेलं, सगळं तो बॅटरीच्या उजेडात पाहायचा. मला उलटं करताच तो दचकला. “अरे यार, हे तर मराठी आहे!” असं तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारचे लोक वळून बघू लागले.

वरची ओळ त्याने वाचली आणि मला विकत घेऊन घरी आणलं. खालच्या शब्दात मात्र साठ वर्षांचा मळ आणि ग्रीस दगडासारखं बसलं होतं. फोटोत तिथे नुसता काळा डाग दिसायचा. वॉल्टर म्हणाले, “हात लावू नकोस. रविवारी मी भिंग आणि कापूस घेऊन येतो. मळ हळूहळू काढू. आणि लाकूड कधीही घासायचं नाही, लक्षात ठेव.”

निमिषने माळेवाडीचा शोध घेतला. फोनवर फोन करत शेवटी केरबाची मुलगी सापडली, सुमित्राबाई. वय त्रेसष्ट. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

“दादा, मी जन्मले तवा आईनं त्यांला पत्र धाडलं हुतं, माझं नाव लिहून. पाठोपाठ ते गेल्याची तार आली. पत्र पोचलं का न्हाई, कुनालाच ठावं न्हाई. आई जाईस्तोवर तेच म्हनत हुती. तुमच्या बंदुकीवर खाली काय लिवलंय, तेवढं बगा.”

“मावशी, रविवारी नक्की सांगतो,” निमिष म्हणाला.

त्याने मला गॅरेजमधल्या टेबलावर काढून ठेवलं. चुकून गोळी सुटू नये म्हणून बोल्ट तेवढा काढून कुलपात ठेवला. पण नागपूरहून राहायला आलेल्या वडिलांना हे सगळं सांगायचं राहून गेलं. ऑफिसच्या गडबडीत त्याला वाटलं, रविवारी सगळं कळल्यावरच सांगू.

त्याचे वडील मोरेश्वरकाका नागपूरच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर घडवत आले होते. खंडेनवमीला वर्कशॉपमधलं एकेक यंत्र घासून लख्ख केल्याशिवाय ते फूल वाहू देत नसत. इथले सण शनिवारची वाट बघतात, म्हणून त्या शनिवारी खंडेनवमी होती. मुलगा आणि सून झेंडूची फुलं आणायला गेले होते. काकांनी मला पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला.

“शस्त्राची ही दशा? थांब बाई, तुला नवी करतो.”

मोतीबिंदूच्या डोळ्यांना अक्षरं दिसली नाहीत. बोटांना खरखर लागली तेवढीच. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि इतक्या मायेने घासलं, मित्रांनो, की मला रागावताही येईना. आधी खालची ओळ गेली, मग वरची. वर वॉर्निशचे दोन हात बसले. मला हळदकुंकू लावून ते निमिषची वाट बघत बसले.

निमिष दारातच थबकला. हातातली पिशवी खाली पडली. “बाबा, हे काय केलंत तुम्ही? रविवारपर्यंत थांबायचं होतं!” मग हुंदके देत त्याने सगळं सांगितलं. काका ऐकता ऐकता माझ्या दस्त्यावर ती अक्षरं चाचपू लागले.

थोड्या वेळाने निमिष म्हणाला, “मावशींना सांगून टाकू का, की तुमचंच नाव होतं म्हणून? त्यांना तेवढंच बरं वाटेल.”

“नाही,” काका म्हणाले. “जे आपण वाचलं नाही, ते सांगायचं नाही. फोन लाव, मी बोलतो.”

“ताई, मी निमिषचा बाप. ते अक्षर मी पुसलं. माझ्या या हातांनी पुसलं.”

पूजेसाठी मला घासताना काय झालं, ते त्यांनी सगळं सांगितलं. मग सुमित्राबाई म्हणाल्या, “पूजंसाठीच केलंसा न्हवं? ऱ्हाऊ द्या. माझ्या नावानं एक फूल ठिवा तिच्यावर.”

काकांनी फूल ठेवलं. आजही ते रोज माझ्या गुळगुळीत दस्त्यावरून बोट फिरवतात, काहीतरी खरखर लागेल म्हणून.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर पुसण्याआधी चार जणांना विचारा. तिच्यावरचा मळसुद्धा कुणाचा तरी असतो. आणि माझं एक काम करा. मला तोंड नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं. तुमच्यापैकी कुणी कधी माळेवाडीला गेलात तर सुमित्राबाईंना एवढं सांगा, पत्र पोहोचलं होतं. तीन दिवस बर्फात बसून त्याने ‘सुमी’ कोरलं होतं.