टिलीच्या नावाचा भत्ता

इंग्लंडमधल्या बर्नली गावातल्या चढाच्या गल्लीत, जॅनीन होलरॉइडच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद तीन दिवस तसाच पडून होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिच्या सतरा वर्षांच्या टिलीला शिकाऊ कामगार म्हणून निवडलं होतं. वय अठराच्या आत, म्हणून आईची सही हवी होती. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि आज शुक्रवारच होता.

सही केली की टिली कमावती ठरणार आणि तिच्या नावाने आईला मिळणारा सरकारी भत्ता बंद होणार. कॉलेजातच राहिली तर तो अजून चालू राहिला असता. जॅनीनची नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात, तीही अर्ध्या दिवसाची. नवरा सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला ना रडू यायचं, ना राग. चहा गार व्हायचा, ती तो तसाच पिऊन टाकायची.

शेजारची एडना मावशी मागच्या दाराने आत आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण दार वाजवायची सवय कधी लागली नाही.

"अजून सही नाही? पेनातली शाई वाळली का गं?"

"भाडं कशातून भरू, मावशी? आणखी थोडं कॉलेजात बसली तर काय बिघडतं? काल बोलले मी तिच्याशी. 'बरं' म्हणाली."

"'बरं' म्हणाली?" मावशी खुर्चीत टेकली. "मीही म्हटलं होतं. आमच्या वेळी पोरी कामाला लागल्या की शुक्रवारी पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायच्या. फोडलेलं दिलं तर अख्खी गल्ली नावं ठेवायची. मी पंधराव्या वर्षी गिरणीत लागले. पुढे इस्पितळात नर्सिंग शिकायला माझी निवड झाली, पण तिथलं पाकीट बारीक. आई म्हणाली, 'राहू दे.' मी म्हटलं, 'बरं.' बारा वर्षं पाकीट देत राहिले. आई दुष्ट नव्हती गं. पण पोरीकडे बघायचं सोडून ती पाकिटाकडे बघायला लागली. मग मलाही काही वाटेनासं झालं. मागापाशी उभी राहायचे, एवढंच."

"पण मी टिलीकडून एक पेनी घेत नाहीये!"

"आमच्या आयांनी आम्हाला कामाला जुंपून पैसे घेतले. तू तिला कामापासून अडवून पैसे घेते आहेस. पोरीच्या दृष्टीने फरक काय?"

तेवढ्यात टिली आली. दप्तर खाली टाकून तिने फ्रिज उघडला.

"कंपनीला फोन केला मी. नको म्हणून सांगितलं."

"तू... सांगितलंससुद्धा?"

"तूच म्हणालीस ना. ठीक आहे गं आई, मला काही वाटत नाही."

मला काही वाटत नाही! दोन वर्षं जॅनीन हेच सगळ्यांना सांगत आली होती. आणि आज तेच शब्द, त्याच कोरड्या आवाजात, सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी!

जॅनीनने फोन उचलला. "मी टिली होलरॉइडची आई. मघाचा नकार तिचा नव्हता, माझा होता. जागा गेली का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. मग बाई म्हणाली, "पाचच्या आत सही आली तर नाही गेली."

चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती! जॅनीनने सही केली. टिलीने कागदाचा फोटो काढून पाठवला.

"फोटो नीट येऊ दे हो," मावशी म्हणाली, "नाहीतर पोरीची पहिलीच लिफ्ट मधेच अडकायची." टिली हसली. तिचे डोळे मात्र भरले होते.

"आता भत्त्याच्या कचेरीला कळव," मावशीने बजावलं. "लपवशील तर जास्तीचे घेतलेले सगळे पैसे नंतर वसूल करतात. आणि घरखर्चात किती द्यायचं ते पोरीलाच आधी बोलू दे."

जॅनीनने लगेच कचेरीला फोन लावला. बराच वेळ फोनवर संगीत वाजत राहिलं. शेवटी कुणीतरी विचारलं, "मुलीच्या बाबतीत काय बदल झालाय?"

"मोठी झाली," जॅनीन म्हणाली. "कामाला लागतेय."

पुढचे महिने ओढाताणीचे जाणार, हे तिला ठाऊक होतं. तुमच्या-आमच्या घरांतही अशी ओढाताण असते. म्हणून जॅनीनला हसू नका. एवढंच ध्यानात ठेवा, भत्ता असतो तो मूल वाढावं म्हणून. मूल वाढलं की तो थांबणारच. तो थांबू नये म्हणून मुलालाच थांबवू नका!