एका दाराला तीन मिनिटं

ताईचं मौन दुपारी बारापर्यंत असे. पहाटेचा जप झाला की मिटलेले ओठ बाराच्या ठोक्यालाच उघडायचे. सव्वीस वर्षांत खंड नाही.

तिच्या दोन भावांचं एकाच दाराचं दुकान होतं. डावीकडे थोरला घड्याळं दुरुस्त करी, उजवीकडे धाकटा चष्मे बनवी, मध्ये जाड पडदा. पंख्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं दाराशी बसणाऱ्या ताईमार्फत, तेही बारानंतर.

"ताई, त्याला सांग, ठोकाठोक बंद कर."

"ताई, त्याला म्हणावं, कानात बोळे घाल."

ती निम्मं सांगे, निम्मं गिळे.

अशात राज्याच्या नव्या व्यापारकराचा मसुदा आला. त्यात एक कलम होतं: एक दार, एक धंदा. लहान धंद्याला करमाफी होती. दोघांचा मिळून एक धरला, तर तो मोठा ठरून माफी जाणार आणि कुणा एकाला तरी गाशा गुंडाळावा लागणार. लोकांच्या हरकती ऐकायला दुपारी तीनला सुनावणी होती. बोलणार अर्थात ताई. तिने भाषण पाठही केलं होतं.

आदल्या संध्याकाळी निरोप आला, सुनावणी सकाळी अकराला.

"ताई, उद्या एक दिवस बोल की," धाकटा गयावया करू लागला. "देव समजून घेईल."

"तो घेईल रे बाळा," ताई हळूच म्हणाली. "मला नाही जमायचं."

सभागृहात अधिकारी बाईंनी घड्याळ समोर ठेवलं. "एका दाराला तीन मिनिटं. कोण बोलणार?"

दोघेही उठले.

"बाई, या शेजारच्या दुकानदाराशी माझा काडीचा संबंध नाही," थोरला म्हणाला.

"मॅडम, यांना सांगा, शेजारी व्हायलाही लायकी लागते," धाकटा म्हणाला.

"यांना म्हणावं..."

"मी कुणाला काही म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "एकमेकांशी बोला. दोन मिनिटं उरलीत."

दोघांनी ताईकडे पाहिलं. ताईने डोळे मिटून माळेचा एक मणी पुढे ओढला.

"पंखा तू फिरवलास!" धाकटा एकदम ओरडला.

"तुझ्या काचांची पूड माझ्या घड्याळांत जायची! चौदा गिऱ्हाइकं परत आली!"

"मग सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं!"

"पंख्याकडे बघून पुटपुटलास! नऊ वर्षं मी समजतोय, तुला थंडी वाजते!"

सभागृह खो खो हसत होतं. मागचा खिळेमोळेवाला तर नीट ऐकू यावं म्हणून पुढच्या रांगेत येऊन बसला.

"वेळ संपली," बाई म्हणाल्या. "असं भांडण असताना एक धंदा आठवडाभरही चालला नसता. तुमचं दुकान नऊ वर्षं चाललंय, म्हणजे धंदे दोनच. हे कलम बदलावं, असा शेरा मी लिहितेय." आणि त्यांनी 'एक दार' या शब्दांवर लाल रेघ ओढली.

बाहेर जिन्यात दोघे पुन्हा जुन्या सवयीवर गेले.

"ताई, बारा वाजले. याला सांग, पंखा मधोमध टांगू."

ताई गप्प.

"ताई, याला म्हणावं, पडदा आड येईल त्याचं काय?"

ताई गप्पच. धाकट्याने डोकं खाजवलं.

"दादा, तुझं घड्याळ पुढे तर नाही?"

"माझं घड्याळ? बारा दहा झालेत! चष्मा पूस."

"मग ही बोलत का नाही?"

"मला काय विचारतोस? तूच काहीतरी बोलला असशील!"

"मी? सकाळपासून किंचाळतोयस तू!"

ताई चार पायऱ्या पुढे उतरत होती. पाठ केलेलं भाषण पोटात तसंच होतं. तिने ठरवलं, आजचं मौन संध्याकाळपर्यंत.