सोडलेली लढत

गावच्या नव्या व्यायामशाळेला नागसेनचं नाव द्यायची गोष्ट निघाली आणि गावात एकाएकी बॉक्सिंगचे जाणकार उगवले. ज्यांनी जन्मात कधी ग्लोव्हज हातात धरले नव्हते, ते पारावर बसून हेवीवेटचे नियम समजावून सांगू लागले. त्यात कृष्णराज सगळ्यांच्या पुढं. आताच्या सरपंचाचा पुतण्या, शिकलेला, जिभेवर साखर. त्यानं मोबाइलवर जुने निकाल धुंडाळले होते. नागसेननं फौजेत असताना तीनदा राष्ट्रीय सुवर्णपदक मारलं हे त्याला मान्य होतं, पण त्या वजनात तेव्हा देशभरातून पाच-सहाच गडी उतरायचे, दोन लढती जिंकल्या की पदक गळ्यात, मग पेपरवाल्यांनी 'मराठवाड्याची तोफ' म्हणून डोक्यावर घेतलं म्हणून आपणही घ्यायचं का, असा त्याचा सवाल होता. बौद्ध वस्तीतल्या माणसाचं नाव वेशीजवळच्या इमारतीवर नको, असं मात्र कुणी तोंडानं म्हणालं नाही. तेवढी हुशारी गावात आहे.

हुकमी मुद्दा शेवटी यायचा, आणि तो आला की माजी सरपंच बलभीमाला बसल्या जागी कसंतरी व्हायचं. फौजेत जायची वाट नागसेनला जिनं मोकळी करून दिली ती लढत बलभीमअण्णांनी सोडली होती, हे तर शेंबडं पोरही जाणून होतं.

ती लढत एकोणनव्वद साली सोलापुरात झाली. फौजेचे लोक गडी निवडायला आले होते आणि हेवीवेटच्या अंतिम लढतीत समोरासमोर उभे राहिले ते एकाच गावचे दोन जिवलग दोस्त, बलभीम आणि नागसेन. दुसऱ्या फेरीत नागसेनचा डावा ठोसा बलभीमाच्या उजव्या बरगडीखाली बसला. बलभीम गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. डोळे टक्क उघडे होते. पंचानं दहा आकडे मोजले आणि सगळं संपलं.

गावाला हे पचेना. शुद्धीवर असलेला, रेड्यासारखा गडी उठत का नाही? पण आमच्या लोकांचं सगळं शहाणपण कुस्तीच्या फडातलं. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत एका गावच्या दोन पैलवानांची जोड लागली की एकानं पाठ टेकायची आणि इनाम वाटून घ्यायचं, ही नुरा कुस्ती सगळ्यांनी पाहिलेली. तेच गणित इथं लावलं. तामलवाडीच्या फाट्यावर दोघं एसटीतून उतरले तेव्हा चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलंच, "सोडलीस व्हय रं?" बलभीम नुसता हसला. एकवीस वर्षांचं वय, कूस ठणकत होती, आणि चारचौघांत 'मला झोपवलं' म्हणायची लाज वाटली. बस, एवढंच. संध्याकाळी गावानं त्याला फेटा बांधला.

त्या फेट्याखाली त्यानं सारा जन्म काढला. दोनदा सरपंच झाला. आमच्या पोराला मोठं करणारा माणूस म्हणून वस्तीनंही त्याला भरभरून मतं दिली. खरं काय ते फक्त बायकोला, लक्ष्मीबाईला ठाऊक होतं, कारण लग्नानंतर त्या दुखऱ्या बरगडीला तेल तिनंच चोळलं. ग्रामसभेच्या दिवशी सकाळी त्याच्या हातात टोपी देताना ती म्हणाली, "आज तरी बोला. नागसेनभावजींचं हाय ते त्यांना देऊन टाका."

पंचायतीसमोरच्या मांडवात माणूस मावत नव्हता. नागसेन अगदी मागच्या खुर्चीत बसला होता. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, अजून ताठ, पण अलीकडं त्याचे हात थरथरायचे. ते त्यानं मांडीवर एकात एक घट्ट धरले होते. कृष्णराजनं आपले निकाल वाचून दाखवले आणि शेवटी ती सोलापूरची लढत काढली. बलभीम उठला.

"म्या सोडली न्हाय," तो म्हणाला. "मला जिंकायचं हुतं. फौजेची नोकरी मलाच पायजे हुती. पहिल्या फेरीत म्या घंटा झाल्यावरबी ह्याला मारलंय. आन् ह्याचा ठोसा बसला तवा मला सगळं दिसत हुतं, पर श्वासच येईना. पाय माझे ऐकंनात. ह्यानं मला खरा पाडला. छत्तीस वर्सं म्या तुमाला फसवलं."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगा. आता लोक शिव्या देतील, देऊ देत, असं मनाशी म्हणत तो उभा राहिला.  मग म्हाताऱ्या बंडप्पानं उपरण्यानं डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बगा, अजून दोस्ताची लाज राखायलाय." टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. बलभीम हात हलवून नाही नाही म्हणत होता आणि तो जितकं नाही म्हणे, तितक्या टाळ्या वाढत होत्या. कृष्णराज पुढं येऊन त्याच्या पाया पडला. असं मन ज्याचं आहे त्याचंच नाव व्यायामशाळेला शोभेल, असा ठराव त्यानं तिथल्या तिथं मांडला.

बलभीम गर्दीतून वाट काढत नागसेनपाशी गेला.  "तू तरी सांग ह्यांना. ठोसा तुझा हुता. तुला तर म्हाईत हाय."

नागसेननं त्याच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच बलभीमाला सोसेना.

"बस कर बलभीम," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी आता खोटं बोलू नको. तू पडलास तवा डोळे उघडे हुते तुजे, माझ्याकडंच बगत हुतास. मला तवाच कळलं. पुढं तिन्ही बारीला पदक घालून घेताना मनात तेच यायचं, हे आपलं न्हाय, बलभीमानं दिल्यालं हाय."

 गावाला फसवलं याचं बलभीमाला वाईट वाटलं होतं; पण या माणसाची तिन्ही पदकं आपण त्याच्या गळ्यातून काढून घेतली, हे त्याला आज पहिल्यांदा समजलं. 

तिकडं ग्रामसेवक वही उघडून विचारत होता, सूचक कृष्णराज, अनुमोदक कोण?

नागसेननं थरथरणारा हात वर केला.