शिट्ट्यांचा निवाडा

सौदीतल्या जुबैलच्या कामगार कॅम्पात बाळाराम आणि त्याचा आतेभाऊ गोपीनाथ एकाच खोलीत, दोन कुकर मांडून राहत. भांडण डाळीच्या शिट्ट्यांवरून. गोपीनाथ म्हणे तीन, बाळाराम म्हणे चार. शिट्ट्यांवरून गोष्ट बापावर गेली. तेव्हापासून चौदा महिने दोघं भिंतीमार्फत बोलत. "कुणीतरी दिवा घालवा म्हणावं."

शेजारच्या बराकीत नायजेरियाची माणसं. मुकादम अदेवाले योरुबा जमातीचा, क्रेनवाला ओबिओरा इग्बो. त्यांच्यात तंटा झाला की अदेवाले दोन्ही बाजू ऐके. मग ओबिओरा कोला या त्यांच्याकडच्या पवित्र फळाची बी हातात धरून इग्बोत गाऱ्हाणं घाली, कारण कोलाला म्हणे दुसरी भाषा कळत नाही. वाक्यावाक्याला सगळे होकाराचं "इसे!" म्हणत. बाळारामनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हय महाराजा!" त्याच्या ग्रामदेवतेलाही मालवणीशिवाय काही कळत नसे. शेवटी भांडणारे दोघं एकाच बीचे तुकडे खात. तंटा खलास.

बाळारामनं अदेवालेला गाठलं. "बाबा, आमचंही मिटवा."

"भावाला आण. एकच बाजू ऐकून निवाडा देणारा म्हातारा दुष्ट, असं म्हणतात आमच्यात."

गोपीनाथनं भिंतीला सांगितलं, "शुक्रवारी येईन म्हणावं. पण शिट्ट्या तीनच."

गुरुवारी शिफ्ट संपवून तो कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसला. कॅम्प आला तरी उठला नाही. ड्रायव्हरनं हलवलं, तेव्हा अंग गार पडलेलं होतं.

शुक्रवारी बाळाराम एकटाच गेला. दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"निवाडा द्या, बाबा."

"दुसरी बाजू कोण सांगणार?"

बाळाराम आपल्या खुर्चीतून उठला आणि शेजारच्या, गोपीनाथच्या खुर्चीत बसला.

"हा बाळाराम," त्यानं रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं, "डाळीचा लगदा करतो. वर गॅसची नासाडी. याला ताप आला तेव्हा मी पेज करून उशाशी ठेवली. यानं पेज खाल्ली, भांडं घासून जागेवर ठेवलं. शब्द नाही काढला. मी वाट बघत होतो."

गोपीनाथची बाजू इतकी चांगली खुद्द गोपीनाथनंही कधी मांडली नव्हती.

अदेवालेनं दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोष बाळारामचा."

"व्हय महाराजा," म्हणत बाळाराम आपल्या खुर्चीत परत बसला.

ओबिओरानं गाऱ्हाणं घालून बी फोडली. एक तुकडा बाळारामच्या हातावर ठेवला, दुसरा रिकाम्या खुर्चीवर.

दोन्ही बाळारामलाच खावे लागले. बी कडूजहर होती.