‘दिली’ म्हणायला लागणारा वेळ

भुवनने कॉम्प्युटरचं झाकण काढून आत फुंकर मारली आणि सगळी धूळ माझ्या नुकत्याच पुसलेल्या टेबलावर बसली. मीच पुन्हा फडकं फिरवलं. माझ्या बहिणीचा मुलगा तो, देवराज मोहल्ल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि सुट्टीचा दिवस मोडून चामराजपुरमला आमच्याकडे आला होता. दुसरा कोणी असता तर त्याच्याच हातात फडकं दिलं असतं.

"मावशी, ह्या प्रोसेसरला दोनच कोर आहेत," तो म्हणाला. "कॅमेरा काकांचे डोळे बघतो, त्यातच ह्याचा जीव जातो. मग अक्षर उमटवणार कधी आणि बोलणार कधी?"

कोर म्हणजे काय, मी विचारलं. काम करणारे हात समज, तो म्हणाला. एकटीने पोळ्याही लाटायच्या आणि पंगतही वाढायची, तशी ह्याची गत. हे मला चटकन समजलं. जन्मभर दुसरं काय केलं मी?

आमचे हे, तुकोजीराव, देवराज मार्केटात फुलांचा लिलाव पुकारायचे. घरी आले तरी तोंडाचा पट्टा चालूच. शेजारची सुमा म्हणायची, अक्का, तुमच्या घरी रेडिओ कशाला हवा. मग मज्जातंतूंचा आजार जडला. आधी हात गेले, मग पाय, शेवटी जीभ. डोळे तेवढे राहिले. दवाखान्यातल्या बाईंनी भव्याच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, कॉलेजच्या दिवसांतल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला. पडद्यावरच्या अक्षराकडे टक लावून बघायचं, अक्षर उमटतं. वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने म्हणतं. पण ते खटारं मध्येच अडायचं. हे एका अक्षराकडे बघत राहायचे, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि उमटायचं भलतंच.

आणि शुक्रवारी भव्याचं निश्चितार्थ होतं, म्हणजे साखरपुडा. आमच्या घरात मुलीच्या बापाने चारचौघांत 'दिली' म्हटलं की मगच साखर वाटतात. बाप नसेल तर चुलता म्हणतो. थोरले भावजी, शंभूराव, तसं म्हणालेही होते, मी बघून घेतो, त्याला त्रास नको. त्या रात्री ह्यांनी किती वेळ झगडून पडद्यावर दोनच शब्द काढले. मी म्हणणार.

म्हणून मी भुवनला सांगितलं, दुकानात सगळ्यात भारी असेल तो प्रोसेसर घाल. तो माझ्यावरच डाफरला. भारी प्रोसेसर गेम खेळणाऱ्यांना आणि सिनेमे जोडणाऱ्यांना. काकांना त्याचा काडीचा उपयोग नाही. ह्याच बोर्डावर बसणारा, वापरलेला, चार कोरचा त्याने आणला होता. स्वस्तातला होता, पण कॅमेऱ्याला पुरून उरेल म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "यंत्र आता काकांना अडवणार नाही, मावशी. पण एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायचा वेळ त्यांच्या डोळ्यांचा आहे. तो कुठलाच प्रोसेसर कमी करत नाही."

ते मी कानाआड केलं.

जुना काढला, नवा बसवला, वर पंखा आवळला. ह्यांची खुर्ची समोर सरकवली. अक्षरं भराभर उमटू लागली, आणि थोड्या वेळाने यंत्र म्हणालं, "भुवन, जेवून जा. मावशीची बोलणी मी खाईन." मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. माझा माणूस घरी परत आला होता.

चार दिवस मी एकच शिकवलं. नुसतं 'दिली' म्हणा हो. दोन अक्षरं. ते हो म्हणायचे.

शुक्रवारी घर माणसांनी भरलं. साडेदहाला राहुकाळ लागायचा होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. मुलाचे आजोबा तिरुमलराव मोठे रीतीचे, ते सरळ ह्यांच्यापुढे येऊन उभे राहिले, हात जोडले आणि विचारलं, "तुकोजीराव, मुलगी दिली ना?"

सगळे थांबले. ह्यांचे डोळे पडद्यावर गेले. मी मागे उभी होते. 'मा' उमटलं. 'झी' उमटलं. प्रोसेसर कुठे म्हणून अडला नाही. पण हे 'दिली' नव्हतं. जन्मभर बाजार गाजवलेला माणूस, मुलीला दोन अक्षरांत कसा देईल?

कोणीतरी खोकलं. भटजींनी घड्याळ बघितलं. भावजींनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मायेनेच ठेवला.

"दिली, दिली. ह्याच्या वतीने मी सांगतो. सुम्ने, उगाच राहुकाळ कशाला ओढवून घ्यायचा?"

"भावजी, थांबा," मी म्हणेपर्यंत साखरेची वाटी फिरलीसुद्धा. टाळ्या पडल्या, फोटोवाला पुढे घुसला, बायका भव्याला साडी बदलायला आत घेऊन गेल्या. बोलावणं आलं तशी माणसं वरच्या गच्चीवर जेवायला निघाली. ह्यांचे डोळे चालूच होते, एका अक्षरावरून दुसऱ्यावर. जिन्यात पावलं वाजत असताना यंत्र बोललं.

"माझी भव्या मी आनंदाने तुम्हाला दिली. तिला मोठ्याने बोलायची सवय आहे. बोलू द्या."

खोलीत रिकाम्या खुर्च्या होत्या आणि मी.

त्यांना मान वळवता येत नाही. मागे कोण आहे, कोण गेलं, त्यांना दिसत नव्हतं. पडद्यावर उमटलं, ऐकलं का?

मी समोर येऊन खाली बसले. "सगळ्यांनी ऐकलं," म्हणाले. "तिरुमलरावांनी डोळे पुसले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पडद्याकडे बघून, एकदाही न अडखळता, लिहिलं, बरं.

आणि डोळे मिटून घेतले. पंगती उठल्या, पाहुणे निरोप घ्यायला आले, भव्या पाया पडली, जागे होते, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.