खोट्या गोळीचा कडूपणा

फेफऱ्यावरील एका नव्या औषधाची परीक्षा चालली होती. निम्म्या रुग्णांना औषध आणि उरलेल्यांना नुसत्या पिठाची गोळी मिळत असे. कोणाला काय मिळते हे रुग्णांना कळू नये, म्हणून इस्पितळातील औषधनिर्मात्याने मोठ्या निष्ठेने त्या पिठाला औषधाइतकाच कडूपणा आणला होता. प्रमुखांनी त्याची पाठही थोपटली होती.

त्याची थोरली वहिनीही या परीक्षेत होती. तिच्या जुन्या, गुणकारी गोळ्या बंद करूनच तिला घेतले होते. काल शेगडीपाशी झटका येऊन तिचा हात भाजला, म्हणून आज तो भेटीस गेला.

“भावोजी, काळजी कसली करता? मला खरंच औषध मिळतंय,” ती म्हणाली. “अहो, कडूजहर आहे गोळी! खोटी गोळी इतकी कडू कोण कशाला करील?”

त्याने तिच्या डबीतील एक गोळी उचलून जिभेवर ठेवली. औषध की पीठ, हे त्यालाही ओळखता येईना. स्वतःच्या कसबाची त्याला शिसारी आली. धावत मोरीपाशी जाऊन तो थुंकला.

“घालवलीत ना माझी गोळी वाया!” वहिनी हसली.

“वहिनी, पिठाची गोळीही कडूच असते. ती कडू मीच केली. चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊन जुन्या गोळ्या सुरू करू.”

तिचे हसू मावळले. पट्टी बांधलेला हात तिने जवळ ओढून घेतला.

“हे तुम्हाला काल नव्हतं का माहीत, भावोजी?”